खाडीच्या तोंडापर्यंत

"शुभांगी मासेमारीच्या कंपनीत आहे," असं लग्नकार्यात कुणी माझ्याबद्दल सांगितलं, की समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघायची. खवले शोधत असावी. कोलकात्यातली आपली मराठी माणसं बँकेत, कॉलेजात, सरकारी कचेऱ्यांत. त्यात ही एकटीच कोळीण कशी निघाली, असा प्रश्न चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. आता निवृत्त झाले आहे, आणि आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या त्या माशांबद्दल लिहा" म्हणून गळच टाकला आहे, तर एकदाचं सांगून टाकते. माझा जन्म इथलाच, शाळा इंग्रजी आणि गल्ली बंगाली. मराठी घरातलं आहे. कुठे चुकलं तर त्यांनी सुधारून घ्यावं.

आमच्या कचेरीत मासा कधीच येत नसे. बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर, शिंप्याचं दुकान आणि होमिओपॅथीचा दवाखाना यांच्यामधली ती खोली. मालक रुद्रबाबू. चांगली चाललेली वकिली सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता, आणि त्यांच्या घरी या विषयावर बोलायची बंदी होती. धंदा साधा होता. गळाने मासे पकडायची हौस असलेल्या लोकांना दिवसभरासाठी अख्खी बोट द्यायची, बरोबर वाट जाणणारा तांडेल आणि एक खलाशी. काठ्या, रिळं, गळ, आमिष सगळं आमचं. कोलकात्याहून गाडीने डायमंड हार्बर, काकद्वीप, नामखाना करत बंदर गाठायचं. तिथून खाडीने खाली जायचं. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा लांबलचक बांध आहे. भरतीच्या वेळी तो ओलांडला की पुढे उघडा उपसागर. हंगाम कालीपूजेनंतर, म्हणजे आपल्या दिवाळीनंतर, सुरू होई आणि वसंतात संपे. ऐन थंडीतही तिथलं पाणी हाताला कोमट लागतं.

रुद्रबाबू बहुतेक वेळा स्वतः बोटीवर जात. माझ्याकडे होती ती तयारी. बोटीची आणि गिऱ्हाइकांची. बोटीची सोपी. डिझेल, पिण्याचं पाणी, नांगराचा दोर, लाइफ जॅकेटचे पट्टे, बंदरावर द्यायची नावं, वाऱ्याचा अंदाज, भरतीची वेळ. गिऱ्हाइकांची तयारी अवघड, कारण बंगाली माणसाला माशाबद्दल काही सांगायचं म्हणजे धाडस लागतं. त्यात त्यांच्या मते समुद्रातला मासा हा मासाच नव्हे. मासा नदीतला किंवा तळ्यातला. माझं आजोळ मालवणकडचं. भेटकी म्हणजे आमचा जिताडा आणि गुर्जली म्हणजे आमचा रावस, हे मी पुष्कळांना सांगून पाहिलं. ते सहानुभूतीने ऐकून घेत.

डमडमचे एक गृहस्थ तळ्यातल्या मासेमारीत नावाजलेले होते. ते आमिषाचा स्वतःचा डबा घेऊन आले. त्यात मोहाची फुलं, मुंग्यांची अंडी आणि आणखी काय काय कुजवलेलं होतं, आणि कृती सांगायला ते तयार नव्हते. डब्याचं झाकण गाडीत काकद्वीपच्या आधीच निघालं. ती गाडी पुढे आठवडाभर कुणी भाड्याने घेईना. समुद्रातल्या माशांनी त्या आमिषाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गृहस्थांनी निष्कर्ष काढला की समुद्रातल्या माशांना चव कळत नाही. आपले बँकेतले बदलीवर आलेले एक जोशी होते. लहान मासा परत पाण्यात सोडायचा, असं मी सांगितल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मग पकडायचा कशाला? सरळ गप्पा मारू की."

पण प्रत्येकाला मी एक नियम दोनदा सांगत असे. बोटीवर शेवटचा शब्द तांडेलाचा. तो म्हणाला परत फिरायचं, तर परत फिरायचं. हुज्जत नाही. गिऱ्हाईक हसून मान डोलावत. न्यायाधीश डोलावत, कारखानदारही डोलावत. बालीगंजच्या खुर्चीवर बसून मान डोलावणं सोपं असतं.

आमचा तांडेल म्हणजे निमाई मंडल. बंगालीत होडी चालवणाऱ्याला 'माझी' म्हणतात. "माझी आज आला नाही," असं मी सुरुवातीला घरी बोलून गेले तेव्हा आईने "तुझी कोण?" म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून घरात त्याला तांडेलच म्हणू लागलो. मी त्याला निमाईदा म्हणे, तो मला दिदी. माझ्याच वयाचा, सडसडीत, फार कमी बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ गौर मात्र बोलका, आणि सुरेख गाणारा. गौर हंगामात आमच्या बोटीवर खलाशी असे. गिऱ्हाइकाच्या गळाला मासा लागला की निमाईदा बोट सांभाळी आणि गौर गिऱ्हाइकाला. "हळू, बाबू, हळू. मासा पळून जाणार नाही, तोही तुमच्याएवढाच घाबरला आहे," असं काहीतरी म्हणे.

आमचं काम थंडीचं. पावसाळ्यात आमची बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असे आणि ही माणसं हिलशाच्या मासेमारीसाठी दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर जात. एका वर्षी पावसाळ्यात गौर ज्या ट्रॉलरवर होता तो परतताना वाळूच्या बांधाजवळ लाटेत उलटला. काही माणसांना मागून येणाऱ्या ट्रॉलरने उचललं. गौर त्यांत नव्हता. तो मागचा ट्रॉलर निमाईदाच चालवत होता.

हे मला कळलं ते फोनवर, बादलकडून. बादल म्हणजे निमाईदाचा मेहुणा; पुढे गौरच्या जागी आमच्या बोटीवर तोच खलाशी झाला. रुद्रबाबू आणि मी भेटून आलो. निमाईदा अंगणात बसून होता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. गौरबद्दल एक शब्द बोलला नाही. निघताना रुद्रबाबू म्हणाले, "या हंगामात नको वाटलं तर सांग." तो म्हणाला, "हंगाम आहे, तर काम आहे."

कालीपूजा झाली आणि पहिलं बुकिंग आलं. डॉक्टर सेनगुप्ता, हाडांचे सर्जन, आणि त्यांचे दोन शाळासोबती. डॉक्टर म्हणजे तयारीची गरज नसलेलं गिऱ्हाईक. परदेशात मासेमारी केलेली, स्वतःच्या काठ्या, चष्म्याला दोरी. त्यांना बांधापलीकडेच जायचं होतं, सुरमईसाठी. सुरमईला स्वच्छ, खारं पाणी लागतं. खाडीच्या गढूळ पाण्यात ती येत नाही. मी माझा नियम सांगितला. "अर्थातच," डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन थिएटरमध्येही एकाचंच चालतं."

त्याच सुमारास रुद्रबाबू जिन्यावरून घसरले आणि पायाला प्लास्टर घालून बसले. कचेरीतून कुणीतरी बोटीवर जायला हवं, तर मी निघाले. आदल्या दिवशी बंदरावर पोचले आणि निमाईदाबरोबर बोट तपासायला घेतली.

एवढी तयारी मी जन्मात पाहिली नव्हती. नांगराचा दोर त्याने हातभर हातभर करत पूर्ण तपासला, गुंडाळला, आणि पुन्हा उलगडून तपासला. एकेक लाइफ जॅकेट दोरीला बांधून पाण्यात सोडलं, वजन बांधून बुडवून पाहिलं. दुसरा नांगर मागितला. बादलने तो कुठून तरी उसना आणला. इंजिन सुरू करून, ते नवंकोरं असल्यासारखा त्याचा आवाज ऐकत बसला. मी मनातून खूश. रुद्रबाबूंना फोन करून सांगितलं, "निमाईदाने कमाल केली आहे. बोटीत खोट काढायला जागा ठेवली नाही."

संध्याकाळी सबिता आली. सबिता म्हणजे गौरची बायको. बोटीवरचं जेवण वर्षानुवर्षं तीच करून देई. भात, डाळ, बटाट्याची भाजी, टोमॅटोची चटणी. या वर्षी तिला कसं विचारायचं, म्हणून मी गावातल्या हॉटेलात सांगून ठेवलं होतं. ते कळल्यावर ती रागावली.

"माझं काम दुसऱ्याला का दिलंत, दिदी?"

"मला वाटलं, तुला आत्ता..."

"सगळ्यांना माझ्याबद्दलच वाटतं. बायका येतात, माझ्याजवळ बसून रडतात, जातात. दादाला कुणी काही विचारत नाही." दादा म्हणजे तिचा थोरला दीर, निमाईदा. मग म्हणाली, "गेल्या दोन महिन्यांत तो बोट घेऊन कुठेच गेलेला नाही. तुम्हाला सांगितलं का त्याने?"

नव्हतं सांगितलं. हंगामाआधी तो एक-दोनदा बांधापर्यंत जाऊन वाळू कुठे सरकली ते बघून येत असे. मी गृहीत धरलं होतं.

"येऊ का मी त्याच्याशी बोलून?" मी विचारलं.

"नको. सकाळी निघू दे त्याला. निघाला तर बरंच होईल."

हॉटेलवाल्याला मी नको म्हणून कळवलं.

सकाळ स्वच्छ उजाडली. डॉक्टर आणि त्यांचे मित्र ताजेतवाने, बरोबर संदेश मिठाईचा पुडा. मी अंदाज पाहिला होता, बंदरावर विचारलं होतं. वारा नावापुरता. निमाईदाने उदबत्ती ओवाळून बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, खोचली, पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि आम्ही निघालो. खाडीतून जाताना डॉक्टरांच्या मित्रांपैकी एकाने गाणं सुरू केलं. बादल आमिषाची कोळंबी टोपलीत हलवत होता. मी निमाईदाकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

किनारे दूर दूर गेले. पुढे पाण्याचा रंग बदललेली रेघ दिसू लागली. अलीकडे मातकट, पलीकडे हिरवं. बांध तिथेच. भरती पूर्ण चढलेली, बांधावर लाट फुटतसुद्धा नव्हती. डॉक्टर काठी घेऊन उभे राहिले. आणि इंजिनाचा आवाज खाली आला. बोट तिथल्या तिथे डुलत राहिली.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वारा उठेल," निमाईदा म्हणाला. "इथेच मासे धरू."

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. "वारा? माझ्या फोनवर तर दिवसभर काही नाही. मॅडम, हे काय चाललं आहे?"

मी उठून निमाईदापाशी गेले. त्याचे दोन्ही हात सुकाणूच्या चक्रावर होते. बोट सांभाळायला एवढी पकड लागत नाही.

हळूच विचारलं, "निमाईदा, वारा उठणार आहे का?"

तो समोर बघतच म्हणाला, "नाही, दिदी."

"मग?"

"हात पुढे जात नाही. इंजिन वाढवायला बघतो, पण हात जात नाही." आणि मग, "तो इथेच होता. मी दोर फेकला. त्याच्यापर्यंत पोचला नाही."

आदल्या दिवशी तो नांगराचा दोर दोनदा मोजत होता आणि मी कोलकात्याला फोन करून कौतुक सांगत होते. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण समोर तीन माणसं बघत होती, आणि त्याला ते आवडलं नसतं. एवढंच म्हणाले, "नांगर टाका. इथेच थांबू."

मग डॉक्टरांकडे वळले. वारा उठणार असं सांगता आलं असतं. पण त्यांच्या हातात फोन होता आणि आकाश निरभ्र होतं. निमाईदाचं खरं कारण सांगता आलं असतं, मग ते कदाचित लगेच निवळलेही असते. पण ते त्याचं होतं. बोटीवरच्या परक्या माणसांपुढे मांडायचं नव्हतं.

"आज बाहेर नाही," मी म्हणाले. "तांडेलाचा निर्णय आहे."

"कारण?"

"डॉक्टर, मी तुम्हाला सांगितलं होतं, शेवटचा शब्द त्याचा. कारण सांगितलं पाहिजे असं नव्हतं सांगितलं."

"हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे."

"तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पण बाहेर नाही."

ते आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या मित्रांनी मात्र गळ पाण्यात सोडले. त्यांतल्या गाणाऱ्याला दोन छान गुर्जली मिळाल्या, आणि तो इतका हरखला की मित्राच्या रागाची त्याला आठवणही राहिली नाही. सबिताचं जेवण सगळ्यांनी खाल्लं, डॉक्टरांनीही. बंदरावर उतरल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, सभ्य माणूस होता, आणि म्हणाले, "मी पुन्हा येणार नाही." ते आले नाहीत. त्यांच्या ओळखीचेही कुणी आले नाहीत.

रुद्रबाबूंना मी सगळं सांगितलं. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. मग वकिलासारखे बोलू लागले. माणूस म्हणून वाईट वाटतं, पण बोट बाहेर जाणार नसेल तर आपण लोकांना विकतो काय? दुसरा तांडेल बघावा लागेल. निमाईला कळवावं लागेल. कसं कळवायचं यावर आमची दोन दिवस वादावादी झाली.

तिसऱ्या दिवशी निमाईदाच आला. इस्त्रीचा शर्ट घालून, पहाटेच्या गाडीने. दारात चपला काढल्या, खुर्चीवर बसला नाही. बोटीची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, "बाबू, दुसरा माणूस बघा. बादल त्याला वाट दाखवील."

रुद्रबाबूंनी किल्लीकडे पाहिलं. दोन दिवस याच वाक्याची ते तयारी करत होते, आणि आता ते समोरूनच आलं होतं. मी मुकाट्याने वर्तमानपत्र वाचायचं सोंग केलं.

"खाडीत मासे नाहीत का?" रुद्रबाबू एकदम ओरडले.

निमाईदा गोंधळला. "आहेत."

"भेटकी आहे?"

"आहे."

"मग खाडीत ने! कोण सांगतं बाहेरच जायला हवं? अर्ध्या कोलकात्याला बोटीत बसल्यावर मळमळतं. त्यांना खाडीच बरी. उचल ती किल्ली."

आणि त्याने उचलली. तो गेल्यावर रुद्रबाबू माझ्याकडे न बघता म्हणाले, "जाहिरात बदलावी लागेल. तू मजकूर लिही. 'शांत पाण्यातली सहल' वगैरे."

तो सगळा हंगाम आम्ही खाडीतच काढला. कट्टर मंडळींनी पाठ फिरवली, पण वेगळी माणसं येऊ लागली. आजी-आजोबा, बायका, ज्यांनी आधी कधी काठी हातात धरली नव्हती असे. बागबाजारच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेला भला मोठा भेटकी लागला तेव्हा तिने मासा आणि निमाईदा या दोघांनाही दटावून जागेवर बसवलं. मला मात्र राहून राहून वाटे, की त्याच्या त्या तयारीकडे बघताना माझ्या काही लक्षात यायला हवं होतं.

मध्येच एकदा जेवणाचं ठरवायला सबिताला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी दादा आणि बादल रिकामी बोट घेऊन जातात."

"कुठे?"

"बांधापर्यंत. बादल म्हणतो, इंजिन बंद करून नुसते बसतात. मग परत येतात." आणि तिने पुढे सांगितलं, "गेल्या खेपेला मीही गेले होते."

"मग?"

"मग काही नाही. तिघं बसलो. डबा नेला होता तो खाल्ला."

मी रुद्रबाबूंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. निमाईदाला मी काही विचारलं नाही. तो नेहमीप्रमाणे फोन करी, किती माणसं येणार, कोळंबी किती घेऊ, एवढंच.

सरस्वतीपूजेच्या, म्हणजे वसंतपंचमीच्या, सुमाराला लेक टाऊनचं एक कुटुंब गेलं. नवरा, बायको, बायकोचा भाऊ. खाडीचं साधं बुकिंग. दुपार उलटून गेल्यावर बंदरावरून निमाईदाचा फोन आला. पहिली दहा वाक्यं तक्रारीची. गाडी उशिरा पोचली, बायकोच्या भावाने टोपी समुद्रात उडवली, तो फार उंच आहे, छपराला दोनदा डोकं आपटून घेतलं. मी "हो, हो" करत लिहून घेत होते.

"मासे काय मिळाले?" मी सवयीने विचारलं.

"एक भेटकी, छोटा, सोडून दिला. आणि चार सुरमई."

मी पेन खाली ठेवलं. सुरमई खाडीत मिळत नाही.

"सुरमई?" मी म्हणाले.

"हो. मोठ्या आहेत. दोन ते लोक घेऊन येत आहेत, एक बादलने घेतली, एक सबिता शिजवणार आहे." मग त्याला गाडीवाल्याने हाक मारली असावी. "ठेवतो, दिदी," म्हणून त्याने फोन ठेवला.

रुद्रबाबू समोर बसून जमाखर्च बघत होते. मी त्यांना सांगितलं, निमाईदाला चार सुरमई मिळाल्या.

त्यांनी चष्मा काढला. काचा पुसायला घेतल्या.

"बुकिंग खाडीचं होतं ना?"

"खाडीचंच."

"मग हा बाहेर कसा गेला?"

"काय माहीत. फोन करून विचारू का?"

"खबरदार विचारलंस तर," रुद्रबाबू म्हणाले, आणि चष्मा घालून पुन्हा कागदांत डोकं घातलं.